डोकं चालत नाही, पण नेमकं केव्हा? हार्मोन्स आणि एकाग्रतेचा छडा लावायची पद्धत

मी मजकूर तपासायचं काम करते. वाचणं हाच धंदा. एका दुपारी एकच परिच्छेद चार वेळा वाचला आणि चौथ्यांदाही त्यात काय म्हटलंय ते सांगता येईना. शब्द ओळखीचे, वाक्यं सरळ, पण अर्थ हाताला लागायच्या आत निसटत होता. त्याच आठवड्यात ‘सापेक्ष’ हा शब्द आठवायला दोन मिनिटं लागली होती आणि गॅसवर ठेवलेलं पाणी आटून भांडं काळं झालं होतं. वय ४६. मग बहुतेक जण जे करतात तेच मी केलं. नेटवर शोधलं, दहा ठिकाणी ‘हार्मोन्स’ हा शब्द दिसला, आणि दुसऱ्याच दिवशी साठ-सत्तर तपासण्यांचं एक पॅकेज करून टाकलं.

रिपोर्टमध्ये टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, खाली आणि टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, वर. म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय. दोन रात्री मी त्या निदानासोबत काढल्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “केसांसाठी काही घेताय का?” घेत होते. बायोटिन नावाचं जीवनसत्त्व, रोज १० मिलिग्रॅम. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. आपल्या रक्तातही ते भरपूर असलं की टीएसएच खोटंच कमी आणि टी-फोर खोटंच जास्त दिसतं. गोळी थांबवून आठवड्यानं पुन्हा रक्त दिलं. सगळे आकडे जागच्या जागी.

थायरॉइड ठीक होतं, डोक्यातलं धुकं मात्र तिथंच होतं. ते कशाचं होतं हे कळलं ते एका चाळीस पानी वहीमुळे. हार्मोन्स वेळ पाळतात. काही तासांच्या हिशेबानं चढतात-उतरतात, काही महिन्याच्या, तर काहींचा बदल वर्षानुवर्षं चालतो. म्हणून रक्तात काय किती आहे हे विचारण्याआधी डोकं केव्हा बंद पडतं हे विचारलं, तर निम्मा शोध घरीच लागतो. खालची पद्धत त्याच क्रमानं आहे. मी डॉक्टर नाही. निदान आणि औषध हे त्यांचंच काम, पण त्यांच्यासमोर काय घेऊन जायचं हे आपल्या हातात असतं.

आधी एक अपवाद

गोंधळ अचानक, तासा-दोन तासांत सुरू झाला असेल, बोलणं अडखळत असेल, तोंड वा हात एका बाजूला लुळा पडत असेल, आयुष्यातली सर्वांत तीव्र डोकेदुखी असेल, तापासोबत बरळणं असेल, तर वही नको, थेट इस्पितळ. जीव नकोसा वाटत असेल तरीही त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. पुढचं सगळं हळूहळू दाटलेल्या धुक्याबद्दल आहे.

पहिली पायरी: वही

पाळी येत असेल तर दोन पूर्ण चक्रं, नाहीतर किमान तीन आठवडे. अ‍ॅप चालेल, पण मला कागद बरा वाटला. फोन उघडला की नोंद राहते बाजूला आणि भलतंच काही वाचत बसतो आपण.

माझं एक पान असं होतं:

“मंगळवार. झोपले ११.५०. जाग २.४०, घामानं. पुन्हा डोळा लागला ४.१५ ला. उठले ६.३०. सकाळ ठीक. ११.४० ला शब्द आठवेना. दुपारी ३, झोप येत नाही, पण ओळ निसटते. कॉफी १०ला आणि ४ला. पाळीचा ४१वा दिवस, अजून पत्ता नाही.”

एवढं पुरतं. झोपायची आणि उठायची वेळ, मध्ये जाग, जेवणाच्या वेळा, कॉफी-चहा, औषधं, पाळीचा दिवस, आणि धुकं आलं ती वेळ. एक गोष्ट मात्र आळस न करता लिहा, ती म्हणजे धुक्याचा प्रकार. ‘डोकं चालत नाही’ या तीन शब्दांत आपण निदान चार वेगळ्या तक्रारी कोंबतो. शब्द न आठवणं वेगळं. लक्ष दर मिनिटाला उडणं वेगळं. सगळं समजतंय पण संथ, जणू पाण्यात चालतोय, हे आणखी वेगळं. आणि निव्वळ डुलकी येणं हे तर धुकंच नव्हे, ती झोप आहे. संथपणा पुष्कळदा थायरॉइडकडे बोट दाखवतो. लक्ष उडणं हे ताण, चिंता किंवा जादा थायरॉइड यांत जास्त दिसतं. शब्द हरवण्याची तक्रार रजोनिवृत्तीच्या अलीकडच्या वर्षांत फार ऐकू येते. नियम नव्हेत हे, पण खुणा म्हणून उपयोगी.

दुसरी पायरी: हार्मोन्सचं नसलेलं आधी बाजूला काढा

हे भरभर उरकू, कारण विषय तो नाही, पण ते वगळलं तर पुढचं सगळं वाया जातं. बी-१२ कमी असणं, लोह कमी असणं, रात्री घोरताना श्वास अडकणं, नैराश्य, मद्य. आणि औषधं. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, काही वेदनाशामकं डोकं जड करतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ उतरू शकतं, मग दोष मधुमेहावर जातो आणि खरं कारण गोळीच्या आड लपून राहतं. जास्त रक्तस्राव होणाऱ्या बाईचं हिमोग्लोबिन ठीक असूनही साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, तळाला गेलेलं असू शकतं. म्हणून फक्त हिमोग्लोबिन पाहून समाधान मानू नका.

तिसरी पायरी: तासांचं धुकं

वहीत धुकं रोज ठराविक वेळी येत असेल तर तीन गोष्टींकडे पाहा: कॉर्टिसॉल, मेलाटोनिन आणि इन्सुलिन.

कॉर्टिसॉलला सगळे ‘ताणाचं हार्मोन’ म्हणून शिव्या घालतात. बिचारं ते आपल्याला सकाळी उठवतं. पहाटेपासून ते चढायला लागतं, जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात आणखी एक उसळी घेतं, मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. आठवणी घडवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग कॉर्टिसॉलचे संदेश पकडणाऱ्या केंद्रांनी भरलेला आहे. ही केंद्रं दोन जातींची. एक जात थोड्याशा कॉर्टिसॉलनंच भरते आणि मेंदू तरतरीत राहतो. दुसरी ताणाच्या वेळी, कॉर्टिसॉल भरपूर वाढल्यावर भरते, आणि मग साठवलेलं बाहेर काढणं जड जातं. परीक्षेत न आठवलेलं उत्तर बाहेर पडल्यावर पायरीवरच आठवतं, त्यात याचा मोठा वाटा आहे.

१९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग पुष्कळांना अर्धवट माहीत असतो. थोडा ताण चांगला, फार ताण वाईट, एवढाच. त्यातला कामाचा भाग पुढे आहे. सोपं काम शिकताना उंदरांना जोराच्या धक्क्यानंही अडचण आली नाही. काम अवघड झालं तेव्हा मात्र जोराचा धक्का नडला. माणसांच्या दिवसाकडेही याच नजरेनं पाहता येतं. ताणाच्या दिवशी बिलं भरणं, पत्रांना उत्तरं, आवराआवर जमते. नवा करार वाचणं किंवा हिशेबातली चूक शोधणं जमत नाही. कारण ताण चढला की कपाळामागचा, विचारपूर्वक काम करणारा भाग मागे पडतो आणि सवयीनं चालणारे भाग पुढे येतात. म्हणून उपाय दोन. पहिला, ताणाच्या दिवशी अवघड काम ढकलता येत असेल तर बिनदिक्कत ढकला. दुसरा, ढकलता येत नसेल तर बसण्याआधी पाच मिनिटं श्वास सोडणं लांबवा: चार मोजत आत, सहा-सात मोजत बाहेर. त्यानं कॉर्टिसॉल लगेच धुऊन निघत नाही, पण हृदयाची धडधड उतरते, आणि तेवढ्यानं पहिलं वाक्य वाचता येतं.

‘अ‍ॅड्रिनल फटीग’, म्हणजे कॉर्टिसॉल बनवणाऱ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्या, असं एक निदान ऑनलाइन पुष्कळ विकलं जातं, सोबत महागड्या पुड्या. वैद्यकशास्त्र असा आजार मानत नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरोखर निकामी होण्याचा आजार आहे, त्याला अ‍ॅडिसन म्हणतात. तो दुर्मीळ असतो आणि त्यात वजन घटणं, रक्तदाब पडणं, कातडी काळवंडणं दिसतं. उलट बाजूला कुशिंग सिंड्रोम, म्हणजे कॉर्टिसॉलचा अतिरेक. दमा, संधिवात अशा कारणांनी बरेच दिवस प्रेडनिसोलोनसारखी, कॉर्टिसॉलसारखंच काम करणारी स्टेरॉइड घेणाऱ्यांची झोप, मन:स्थिती आणि लक्ष तिन्ही बिघडू शकतात. पण ती गोळी स्वतःच्या मनानं एका दिवसात बंद करणं जिवावर बेतू शकतं. डोस हळूहळू उतरवावा लागतो.

मेलाटोनिनचं काम रात्र झाल्याची वर्दी देणं. नेहमीच्या झोपेच्या साधारण दोन तास आधी ते वाढू लागतं आणि डोळ्यांवर प्रखर उजेड आला की दबतं. सकाळचा उजेड शरीराचं घड्याळ लावून देतो. म्हणून सकाळी उठल्यावर पहिल्या तासात पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात जाणं हा या लेखातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि मी सर्वांत उशिरा सुरू केलेला. उठल्या-उठल्या डोकं जड असणं बहुतेकांत अर्ध्या तासात ओसरतं. तेवढ्यावरून कुठल्याच हार्मोनला दोषी धरू नका.

कॉफीबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. कॅफिनचा निम्मा भाग शरीराबाहेर जायला सरासरी पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांत हा काळ साधारण दुप्पट होतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही लांबतो. म्हणजे चारची कॉफी एखादीच्या अंगात पहाटे दोनलाही निम्मी शिल्लक. कॉफी तीच, बाई तीच, बदलली ती फक्त गोळी.

आता साखर, आणि तिला रक्तातून पेशींत पोचवणारं इन्सुलिन. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऊर्जा तो २० टक्क्यांच्या आसपास खातो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा इन्सुलिन वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं डोकं अचानक चालेनासं झालं, हात थरथरले, घाम फुटला, तो विनाकारण चिडला, तर आधी साखर मोजायची. ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर १५ ग्रॅम पटकन विरघळणारी साखर किंवा ग्लुकोज, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायची. ५४ च्या खाली प्रकरण गंभीर. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, मदत बोलवायची. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत थरथर आणि धडधड हे इशारे झाकले जातात, अशा वेळी डोक्यातला गोंधळ हाच पहिला इशारा ठरू शकतो. घरच्यांना हे माहीत हवं.

मधुमेह नसलेल्या माणसानं मात्र दुपारच्या प्रत्येक जांभईला ‘शुगर डाऊन’ म्हणू नये. दुपारी एक ते तीनच्या दरम्यानची मरगळ न जेवताही येते. ती शरीराच्या घड्याळातच आहे, जेवण तिला फक्त जोर देतं. करून पाहण्यासारखं एवढंच: दुपारचं जेवण थोडं हलकं, आणि जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चालणं. चालताना स्नायू ग्लुकोज ओढून घेतात, त्यामुळे रक्तातली उसळी कमी उंच होते. आठवडाभर करा आणि वहीत तीनच्या नोंदीत फरक पडतो का बघा. खूप तहान, वारंवार लघवी, धूसर दिसणं यांसोबत मरगळ असेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागच्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) करून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह.

चौथी पायरी: महिन्याचं धुकं

वहीतल्या धुक्याच्या नोंदी पाळीच्या आधीच्या आठवड्यात गोळा होतात का, ते पाहा. चक्राच्या पूर्वार्धात इस्ट्रोजेन चढतं, बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, पाळीच्या आधी दोन्ही घसरतात. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात एक पदार्थ तयार होतो, तो मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेवर काम करतो. त्यामुळे कुणाला गुंगी येते, कुणाला त्याच पदार्थाच्या चढ-उतारानं चिडचिड होते. बीज सुटल्यावर शरीराचं तापमान अर्ध्या अंशापर्यंत वाढतं आणि काही जणींची झोप त्यानंच चाळवते.

इथे मला एक स्पष्ट सांगायचंय. चक्राच्या कुठल्या दिवशी कुठलं काम करावं याची रंगीत वेळापत्रकं हल्ली फार फिरतात. स्मरणशक्ती, लक्ष, गणित यांच्या प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या तर चक्राच्या टप्प्यांनुसार ठाम, सातत्यानं दिसणारा फरक सापडत नाही. थकवा, दुखणं, अपुरी झोप आणि मन:स्थिती यांमुळे काम जड जातं हे खरं, पण बुद्धी त्या आठवड्यात कमी होत नाही. कुठल्याही बाईच्या हातात ‘या आठवड्यात निर्णय घेऊ नका’ असा तक्ता देणं मला पटत नाही. स्वतःच्या वहीत दिसलं तेवढंच खरं.

काही जणींचं मात्र पाळीआधीच्या आठवड्यात आयुष्यच थांबतं: टोकाची उदासी, राग, लक्ष अजिबात न लागणं, आणि पाळी सुरू झाल्यावर काही दिवसांत सगळं साफ. याला पीएमडीडी म्हणतात, आणि यावर उपचार आहेत. निदानासाठी डॉक्टर किमान दोन चक्रांच्या रोजच्या नोंदी मागतात. तुमच्याकडे वही असेल तर दोन महिने वाचले.

पाचवी पायरी: वर्षांचं धुकं

हे सर्वांत फसवं, कारण ते इतकं हळू येतं की आपण त्याला स्वभाव किंवा वय समजतो.

थायरॉइड कमी पडलं की शरीराचा सगळा कारभार मंदावतो. थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, कातडी कोरडी, आवाज जाड, वजन थोडं वर, आणि विचार संथ. विल्यम गल या डॉक्टरांनी १८७३ साली हे चित्र नोंदवलं, पण हातात औषध नव्हतं. १८९१ मध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईला टोचायला सुरुवात केली. अंथरुणाला खिळत चाललेली ती बाई पुढे २८ वर्षं जगली. आज तेच काम रोजची एक छोटी गोळी करते. थायरॉइड जास्त झालं तर चित्र उलटं: धडधड, हातांना कंप, वजन उतरणं, आणि लक्ष असं की एका जागी बसतच नाही. पुष्कळदा ते चिंतारोग समजून सोडून दिलं जातं.

टीएसएच साधारण ०.४ ते ४ या दरम्यान असावं. ते थोडंसंच वर आणि टी-फोर नॉर्मल असेल तर मात्र गोळीकडून चमत्काराची अपेक्षा नको. अशा ज्येष्ठांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत गोळीनं थकवा आणि तक्रारी कमी झाल्या नाहीत. म्हणजे आकडा सुधारला, माणसाला फरक पडला नाही. अशा वेळी धुक्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. गरोदरपणाचे हिशेब वेगळे, तिथे हे वाक्य लावू नका.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडला सूज येऊ शकते, आधी जास्त, मग कमी असा त्याचा प्रवास असतो. ‘रात्रीची जागरणं, होणारच’ असं म्हणून घरचे ते झटकून टाकतात. जागरणं तर असतातच. पण बाळ पाच-सहा महिन्यांचं झालंय, थोडी झोप मिळायला लागलीय आणि तरी आई संथच होत चाललीय, तर एक टीएसएच करायला काय हरकत आहे? सोबत उदासी असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

आणि माझं स्वतःचं. वहीत दिसलं ते असं: शब्द हरवायचे दिवस आणि रात्री घामानं जाग आल्याचे दिवस जवळजवळ एकच होते. पाळी कधी २६ दिवसांनी, कधी पन्नास. डॉक्टरांनी दोन पानं चाळली आणि म्हणाल्या, “पेरीमेनोपॉज.” म्हणजे रजोनिवृत्तीच्या वाटेवरची वर्षं. रक्त काढलंच नाही. ४५ च्या पुढच्या बाईत लक्षणांवरूनच हे ठरवतात, कारण एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं हार्मोन, आज वर तर पुढच्या आठवड्यात खाली असं उड्या मारतं. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नसतो. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर गोष्ट वेगळी, तिथे तपासण्या आणि उपचार दोन्ही लागतात.

इस्ट्रोजेन मेंदूच्या ऊर्जेच्या वापरात आणि आठवणींच्या जाळ्यात भाग घेतं, त्यामुळे त्याची पातळी डगमगली की आठवणं अडखळतं. अमेरिकेतल्या ‘स्वान’ नावाच्या दीर्घ अभ्यासातलं एक निरीक्षण मला धीर देऊन गेलं. एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावानं गुण वाढतात. रजोनिवृत्तीच्या वाटेवर असलेल्या बायकांत ही वाढ रोडावली होती, पण पाळी कायमची थांबल्यावर ती पुन्हा दिसू लागली. धुकं हा मुक्काम नसून घाट आहे, असं मी त्याचं भाषांतर केलं.

हार्मोन थेरपीचं, म्हणजे इस्ट्रोजेनसारखी हार्मोन्स औषध म्हणून घेण्याचं काय? अंगावर येणाऱ्या गरम लाटा आणि घाम यांवर तिच्याइतकं परिणामकारक दुसरं काही नाही. साठीच्या आत किंवा पाळी थांबून दहा वर्षांच्या आत, आणि स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी असा इतिहास नसेल, तर बऱ्याच जणींत फायदा धोक्यापेक्षा जास्त असतो. झोप सुधारते आणि त्या वाटेनं डोकंही. पण फक्त स्मरणशक्तीसाठी ती देत नाहीत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात ६५ च्या पुढे ती सुरू केलेल्या बायकांत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी व्हायच्या ऐवजी वाढलेला आढळला.

पुरुषांसाठी कमी लिहितेय, कारण सांगण्यासारखं एकच ठळक आहे. टेस्टोस्टेरॉन वयानुसार हळूहळू उतरतं, स्थूलपणा आणि झोपेत श्वास अडकणं यांनी आणखी उतरतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पातळी कमी असलेल्या ज्येष्ठ पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन दिलं, स्मरणशक्ती सुधारली नाही. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉननं शुक्रजंतू बनणं थंडावतं, मूल हवं असणाऱ्यानं जिममधल्या सल्ल्यावर सुई टोचून घेऊ नये.

सहावी पायरी: तपासणी, पण वेळेवर

पॅकेज नको. वहीत दिसलेल्या खुणेनुसार डॉक्टर सांगतील तेवढंच. साधारण सुरुवात हिमोग्राम, फेरिटिन, बी-१२, टीएसएच आणि साखर एवढ्यानं होते, आणि पुष्कळदा तिथेच संपते.

टीएसएच रात्री जास्त आणि दुपारी कमी असतं, म्हणून दर वेळी सकाळी, शक्यतो एकाच लॅबमध्ये. बायोटिन किमान दोन दिवस आधी बंद, डोस मोठा असेल तर किती दिवस ते विचारून घ्या. केस-नखांच्या गोळ्यांच्या डबीमागचं बारीक अक्षर वाचा, ते तिथेच लपलेलं असतं. टेस्टोस्टेरॉन सकाळी दहाच्या आत, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, एका रिपोर्टवर निदान नाही. कॉर्टिसॉलची शंका असेल तर वेळ डॉक्टरच ठरवतात, कारण सकाळी आठचा आणि मध्यरात्रीचा आकडा यांची तुलनाच होत नाही. प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी यायच्या सुमारे सात दिवस आधी. सरसकट ‘२१व्या दिवशी’ हा नियम २८ दिवसांच्या चक्रापुरताच आहे.

सातवी पायरी: उपचार सुरू झाल्यावर

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, आणि नाश्ता किंवा कॉफी अर्ध्या ते एक तासानं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतरानं, नाहीतर त्या तिला आतड्यातच अडवतात. या गोळीचा निम्मा अंश शरीरातून जायला आठवडा लागतो, त्यामुळे पातळी स्थिरावायला सहा आठवडे. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून सोडू नका. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, मग डोसचा विचार. एचबीए१सी तर मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतो, महिन्याच्या आत परत करून काही कळत नाही.

एका वेळी एकच बदल करा. कॉफी सोडली, उजेडात जायला लागलो, नवी गोळी सुरू केली आणि जेवण बदललं, हे सगळं एकाच सोमवारी केलं तर बरं वाटलं तरी कशानं ते कळणार नाही. प्रत्येकाला दोन आठवडे द्या आणि वहीत तारखेला चौकट करा.

मधल्या काळात काम तर थांबत नाही. वहीतून तुमचा सर्वांत स्वच्छ दीड तास शोधा. माझा सकाळी ८ ते साडेनऊ. अवघड मजकूर तिथेच, फोन दुसऱ्या खोलीत. दुपारी नावं आणि आकडे जुळवणं, कारण त्यात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी डोळ्यांना दिसते. हरवलेल्या शब्दाच्या मागे धावत नाही, तिथे फुली मारते आणि पुढे जाते. तो बहुधा भांडी घासताना येतो.

डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही नेऊ नका, दहा मिनिटांत कुणी ती वाचणार नाही. एक कागद पुरे: धुकं कधीपासून, कोणत्या प्रकारचं, कोणत्या वेळी, झोप सरासरी किती, पाळीच्या शेवटच्या तीन तारखा, घरात कुणाला थायरॉइड किंवा मधुमेह, आणि घेत असलेली प्रत्येक गोळी. केसांची, नखांची, ताकदीची, जी तुम्ही ‘औषध’ समजत नाही, तीही. माझ्या कागदावर ती आता सर्वांत वर असते.